शिदोरी पुस्तकांची

(सहलीला जाताना आपण डबा बरोबर नेतो आणि तो सर्वांबरोबर वाटून खातो. पुस्तकेही अशीच वाटून घेता येतात. पण त्यासाठी एक अट पाळावी लागते. ती अट लेखकाला एका सहलीत कशी समजली, ते या पाठात सांगितले आहे.)



पावसाळा संपल्यावर एखाद्या स्वच्छ सकाळी अकोट किंवा अचलपूर येथील गच्चीवर उभे राहा आणि उत्तरेकडे पाहा. तुम्हांला डोंगरांची एक लांब निळी रांग दिसेल. तो सातपुडा. त्याच्या या भागाला गाविलगडचे डोंगर म्हणतात. मेळघाटचे जंगल याच डोंगरांत आहे. चिखलदरा, गाविलगड आणि नरनाळा हीसुद्धा याच डोंगरांतली ठिकाणे. १९७३ साली आपल्या देशात व्याघ्र प्रकल्प सुरू झाला. त्यासाठी सुरुवातीला जी नऊ जंगले निवडली गेली, त्यांत आपले मेळघाट होते.

असे जंगल आपल्या दाराशी आहे. तरीही आपण तिथे जातो आणि पुष्कळदा काही न पाहता परत येतो. 'खूप झाडे होती, खूप मजा आली,' एवढेच आपल्याला सांगता येते. झाड कोणते, पक्षी कोणता, दगडावर काय कोरले होते, हे विचारले की आपण गप्प बसतो. असे का होते? डोळे तर सर्वांनाच असतात. पण कुठे पाहायचे, हे कोणीतरी सांगावे लागते. ते काम कधी माणूस करतो, तर कधी पुस्तक करते.

काही वर्षांपूर्वी मी नववीच्या मुलांना नरनाळा किल्ल्यावर नेले होते. अकोल्याहून अकोट, अकोटहून पोपटखेड आणि तिथून पायथ्याचे शहानूर गाव. वनखात्याची परवानगी घेऊन आम्ही सकाळीच चढायला लागलो. दोन्ही बाजूंना सागाचे रान होते. एका वळणावर वानरे अचानक ओरडू लागली. मुले हसली आणि त्यांची नक्कल करू लागली. एक मुलगा मात्र थांबून वर पाहत राहिला. तो वर्गात फारसा बोलत नसे. मराठीच्या तासाला तर तो मान खाली घालूनच बसे.

चढता चढता आम्ही महाकाली दरवाजापाशी आलो. हा दरवाजा १४८७ सालचा आहे. त्याच्या दगडावर सुंदर नक्षी आणि अरबी लिपीतील लेख कोरलेला आहे. तिथे अमरावतीहून आलेली काही माणसे उभी होती. दर महिन्याला एक डोंगर किंवा जंगल पाहायचे, असा त्यांचा नेम होता. त्यांच्यात एक शिक्षिका होत्या, बँकेत काम करणारे एक गृहस्थ होते, महाविद्यालयात शिकणारी एक मुलगी होती आणि टपाल खात्यातून निवृत्त झालेले एक आजोबा होते. आजोबा त्या लेखाकडे बघून म्हणाले, ''वीस वर्षांपासून हा दरवाजा पाहतो आहे. पण एक अक्षर वाचता येत नाही!''

माझा तो अबोल विद्यार्थी पुढे झाला. अक्षरे एकमेकांत गुंफलेली होती. तरी त्याने बोट फिरवत दोन-तीन शब्द वाचून दाखवले. आजोबांना फार आनंद झाला. ''आता आमच्याबरोबरच जेवा,'' असे म्हणून त्यांनी आम्हांला सक्कर तलावाकाठी नेले.

झाडाच्या सावलीत डबे उघडले गेले. कोणाच्या डब्यात ज्वारीची भाकरी आणि ठेचा होता, कोणाच्या डब्यात खिमा आणि पोळी होती. ज्याला जे चालते, ते त्याने घेतले. जेवण झाल्यावर आजोबा म्हणाले, ''आता दुसरी शिदोरी सोडा.''

ही दुसरी शिदोरी म्हणजे पुस्तकांची! त्या मंडळींचा एक रिवाज होता. प्रत्येक सहलीत प्रत्येकाने एका पुस्तकाची शिफारस करायची. बोलायची वाक्ये तीनच. पुस्तकात काय आहे? ते वाचल्यामुळे मला काय दिसू लागले? आणि ते कोणाला आवडणार नाही?

बँकेतल्या गृहस्थांनी व्यंकटेश माडगूळकरांच्या 'सत्तांतर'चे नाव घेतले. ते म्हणाले, ''ही वानरांच्या टोळ्यांची कथा आहे. ती वाचल्यापासून चिखलदऱ्याची वानरे मला सारखी दिसत नाहीत. म्होरक्या कोण, पोरे सांभाळणारी माद्या कोणत्या, ते मी शोधत बसतो. मात्र गोड गोष्ट हवी असेल, तर हे वाचू नका. यात भांडण आहे आणि मरणही आहे.'' या पुस्तकाला १९८३ सालचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला होता, हेही त्यांनी सांगितले.

महाविद्यालयातल्या मुलीने 'दुर्गभ्रमणगाथा' हे नाव सांगितले. गो. नी. दांडेकर यांचे हे पुस्तक. दांडेकरांचा जन्म १९१६ साली अमरावती जिल्ह्यातल्या परतवाड्याला झाला. ती म्हणाली, ''पूर्वी मी किल्ल्यावर पोहोचण्याची घाई करायची. आता दरवाजापाशीच अर्धा तास थांबते. पण ज्याला फक्त लढाया हव्या असतील, त्याने हे घेऊ नये. यात पायांची भटकंती जास्त आहे.''

मग माझी पाळी आली. मित्रांनो, इथे मी एक चूक केली. आपल्या विद्यार्थ्यांसमोर आपण मोठे वाचक दिसावे, असे मला वाटले. एका ग्रंथालयाच्या कपाटात मी डॉ. सालिम अली आणि डिलन रिप्ले यांच्या पक्ष्यांवरील इंग्रजी ग्रंथाचे दहा खंड पाहिले होते. काचेतून फक्त पाहिले होते! मी ऐटीत त्याचे नाव सांगितले आणि 'फारच उत्तम ग्रंथ' असेही म्हटले.

आजोबांनी कुतूहलाने विचारले, ''वा! सर, दहापैकी कोणता खंड तुम्हांला अधिक उपयोगी पडला?''

मी गप्प झालो. माझी सगळी मुले माझ्या तोंडाकडे पाहत होती. काहीतरी सांगून वेळ मारून नेता आली असती. पण समोर तो अबोल मुलगा बसला होता. वर्गात उत्तर येत नाही म्हणून मान खाली घालणे त्याला रोजचेच होते. मी म्हणालो, ''माफ करा. मी तो ग्रंथ वाचलेला नाही. फक्त त्याचे नाव मला ठाऊक आहे.''

कोणी हसले नाही. आजोबा एवढेच म्हणाले, ''मग तुमची पाळी पुढच्या वेळी.''

माझी फजिती पाहून त्या मुलाची भीती गेली असावी. सरांनाही एखादी गोष्ट येत नाही, हे त्याने पाहिले होते. तो चुळबुळ करू लागला. आजोबांनी वऱ्हाडी बोलीत त्याला विचारले, ''बोल ना बाबू, लाजतं कायले?''

तो उभा राहिला आणि अडखळत बोलू लागला. ''माझ्या दादाजानकडे एक किताब आहे. जिम कॉर्बेट साहेबांची. उर्दूत आहे. तिचे कव्हर फाटले आहे.'' 'किताब' हा शब्द ऐकून कोणीतरी हसले, कारण मराठीत 'किताब' म्हणजे पदवी. तो थांबला. पण आजोबांनी हाताने 'बोल, बोल' अशी खूण केली. तो पुढे म्हणाला, ''त्यात माणसे खाणाऱ्या वाघांच्या गोष्टी आहेत. पण वाघापेक्षा जंगलाचा आवाज जास्त आहे. वानर ओरडले, चितळ ओरडले, की कॉर्बेट साहेब थांबतात. वाघ कुठे आहे, ते त्यांना आवाजावरून कळते. म्हणून आज सकाळी वानर ओरडले, तेव्हा मी हसलो नाही. मी वर पाहिले. माझ्या लहान भावाला मात्र ती देणार नाही. त्याला रात्री झोप येणार नाही.''

क्षणभर सगळे शांत झाले. मग आजोबा म्हणाले, ''अरे, हे तर मी मराठीत वाचले आहे!'' कॉर्बेट यांचे कुमाऊँच्या नरभक्षक वाघांवरचे पुस्तक १९४४ साली इंग्रजीत प्रसिद्ध झाले. पुढे त्याची अनेक भाषांत भाषांतरे झाली. आजोबांनी ते डावीकडून उजवीकडे वाचले होते, माझ्या विद्यार्थ्याने उजवीकडून डावीकडे. जंगल मात्र एकच होते.

निघताना आजोबांनी पिशवीतून एक पुस्तक काढले. मारुती चितमपल्ली यांचे 'पक्षी जाय दिगंतरा'. ते त्यांनी माझ्या विद्यार्थ्याच्या हातात दिले आणि आपला पत्ता सांगितला. ''वाचून झाले की पोस्टकार्ड टाक. 'पुस्तक चांगले आहे' असे लिहू नकोस. तुला काय दिसले, ते लिही,'' अशी त्यांची अट होती.

चितमपल्ली यांचा जन्म १९३२ साली सोलापूरला झाला. ते वनाधिकारी होते. विदर्भाच्या जंगलांत त्यांनी अनेक वर्षे काढली आणि मेळघाटातही काम केले. जंगलात राहणाऱ्या लोकांकडून त्यांनी पक्ष्यांची आणि झाडांची नावे गोळा केली. जिथे मराठीत शब्द नव्हता, तिथे नवा शब्द दिला. कावळे जिथे एकत्र घरटी करतात, त्या जागेला त्यांनी 'काकागार' म्हटले. २०२५ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी त्यांचे निधन झाले.

ते पुस्तक वाचायला माझ्या विद्यार्थ्याला दोन महिने लागले. अडलेला प्रत्येक शब्द तो वहीत लिहून माझ्याकडे आणी. कधी कधी मलाही तो शब्द शब्दकोशात पाहावा लागे. शेवटी त्याने पोस्टकार्ड लिहिले. पाठवण्यापूर्वी ते मला दाखवले. त्यात लिहिले होते : 'काही पाने मला समजली नाहीत. ती मी पुन्हा वाचणार आहे. आमच्या शाळेच्या मैदानावर लांब चोचीचा आणि डोक्यावर तुरा असलेला एक पक्षी माती उकरतो. मी त्याला रोज पाहत होतो. पण पाहत नव्हतो. आम्ही त्याला हुदहुद म्हणतो. मराठीत त्याला हुदहुद्या म्हणतात, हे मला आता कळले.'

त्यात शुद्धलेखनाच्या चार चुका होत्या. मी लाल पेन हातात घेतले आणि परत खिशात ठेवले. पोस्टकार्ड तसेच गेले. आठ दिवसांनी उत्तर आले : 'पुढच्या हिवाळ्यात नरनाळ्याला भेटू. तेव्हा तो दरवाजा मला अक्षर अक्षर वाचून दाखव.' त्यानंतर मराठीच्या तासाला त्या मुलाने मान खाली घातली नाही.

मित्रांनो, एखादे योग्य पुस्तक योग्य वेळी हातात पडले, तर केवढे काम होऊ शकते! सालिम अली यांचेच उदाहरण घ्या. त्यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. आईवडील लहानपणीच वारले. मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांनी त्यांना वाढवले. लहान असताना त्यांनी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी मारली. ती नेहमीसारखी नव्हती. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही चिमणी कोणती? मामांनाही सांगता येईना. त्यांनी भाच्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी या संस्थेत पाठवले. तिथले सचिव मिलार्ड यांनी ती पिवळ्या गळ्याची चिमणी असल्याचे सांगितले. ते तेवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी पेंढा भरलेले पक्षी त्या मुलाला दाखवले आणि वाचायला काही पुस्तके दिली. त्यांत 'ईहा' या टोपणनावाने लिहिणाऱ्या लेखकाचे मुंबईच्या पक्ष्यांवरील पुस्तक होते. तोच मुलगा पुढे जगप्रसिद्ध पक्षितज्ज्ञ झाला. १९४१ साली त्याने भारतीय पक्ष्यांवर स्वतःचे पुस्तक लिहिले. ते पुस्तक पिशवीत घालून कितीतरी लोक पक्षी पाहायला शिकले. एका माणसाने एका मुलाला पुस्तक दिले होते. त्याचे फळ किती जणांना मिळाले, पाहा!

याच्या उलटही घडते. खोटी माहिती शेकडो लोकांची वाट चुकवते. आपल्या सातपुड्यात रानपिंगळा नावाचे एक छोटे घुबड आहे. १८७३ साली शास्त्रज्ञांनी त्याची पहिली नोंद केली. १८८४ नंतर मात्र त्याचा खरा नमुना कोणालाच मिळाला नाही. मग एका इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने सांगितले, 'मला हा पक्षी १९१४ साली गुजरातमध्ये मिळाला.' त्याच्यावर विश्वास ठेवून लोक चुकीच्या ठिकाणी शोध घेत राहिले. पुढे पामेला रासमुसेन या संशोधिकेने संग्रहालयातले जुने नमुने आणि त्यांच्यावरच्या चिठ्ठ्या बारकाईने तपासल्या. तेव्हा कळले, की त्या अधिकाऱ्याचा नमुना संग्रहालयातून चोरलेला होता आणि त्याला खोटी चिठ्ठी लावलेली होती! तिने ती खोटी नोंद बाजूला ठेवली आणि खऱ्या जुन्या नोंदींप्रमाणे शोध घेतला. नोव्हेंबर १९९७ मध्ये, म्हणजे ११३ वर्षांनी, शहाद्याजवळच्या रानात तिला आणि तिच्या सोबत्यांना रानपिंगळा दिसला. पुढे तो आपल्या मेळघाटातही सापडला. तो नाहीसा झालाच नव्हता. लोक त्याला भलत्याच ठिकाणी शोधत होते.

ही गोष्ट मी वाचली, तेव्हा मला तलावाकाठची माझी फजिती आठवली. न वाचलेल्या पुस्तकाची शिफारस करणे म्हणजे खोटी चिठ्ठी लावणेच होय. ऐकणारा आपल्यावर विश्वास ठेवून पैसे आणि वेळ खर्च करतो. आपण त्याची वाट चुकवता कामा नये.

म्हणून तुम्हीही मित्रमैत्रिणींना पुस्तके सुचवा; पण एवढे लक्षात ठेवा. जे वाचले असेल, तेच सांगा. अर्धेच वाचले असेल, तर 'अर्धे वाचले' असे सांगा. 'फार छान' म्हणून थांबू नका. त्यामुळे तुम्हांला काय दिसू लागले, ते सांगा. समोरचा कोण आहे, ते पाहा. ज्याला मराठी वाचताना अडचण येते, त्याच्या हातात प्रथम लहान पुस्तक द्या. आणि कोणी तुम्हांला पुस्तक दिले, तर ते वेळेवर परत करा. नाहीतर शिदोरी एकाच घरात शिळी होते.

सर्वांनाच डोंगरावर जाता येत नाही, हे मला माहीत आहे. कोणाला घरी काम असते, कोणाला परवानगी मिळत नाही. पण खिडकीतून दिसणारे कडुनिंबाचे झाड हेही एक लहान जंगलच आहे. त्यावर बुलबुल येतो, साळुंकी येते, खार येते. सुरुवात तिथूनही करता येते.

महाराष्ट्रात दरवर्षी ५ ते १२ नोव्हेंबर या काळात पक्षी सप्ताह साजरा होतो. ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस आणि १२ नोव्हेंबर हा सालिम अली यांचा. या आठवड्यात वर्गातील प्रत्येकाने एका पुस्तकाची शिफारस करावी. पुस्तक उर्दू असो, मराठी असो किंवा हिंदी असो. वाक्ये तीनच, पण तिन्ही खरी.

आता तुम्ही विचाराल, 'सर, तुमची राहिलेली पाळी झाली का?' झाली. पुढच्या हिवाळ्यात त्याच तलावाकाठी मी 'पक्षी जाय दिगंतरा'ची शिफारस केली. ते पुस्तक मला माझ्या विद्यार्थ्याने सुचवले होते आणि या वेळी मी ते वाचले होते.

शब्दार्थ

शिदोरी – प्रवासात बरोबर नेलेले जेवण
अबोल – कमी बोलणारा, खामोश
रिवाज – पद्धत, रीत
म्होरक्या – टोळीचा पुढारी
ऐटीत – मोठेपणा दाखवत
फजिती – सर्वांसमोर लाज वाटण्यासारखी स्थिती
कायले – (वऱ्हाडी) कशाला, कशासाठी
किताब – (मराठीत) पदवी, (उर्दूत) पुस्तक
चुळबुळ करणे – अस्वस्थपणे हालचाल करणे
वेळ मारून नेणे – काहीतरी सांगून अडचणीतून सुटणे

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) महाकाली दरवाजा कोणत्या किल्ल्यावर आहे?
(आ) आजोबांनी पुस्तक देताना कोणती अट घातली?
(इ) मिलार्ड यांनी सालिम अलींना काय काय दाखवले आणि दिले?

२. कारणे लिहा.
(अ) लेखकाने सर्वांसमोर माफी मागितली.
(आ) रानपिंगळा अनेक वर्षे कोणाला सापडला नाही.
(इ) लेखकाने लाल पेन परत खिशात ठेवले.

३. 'मी त्याला रोज पाहत होतो. पण पाहत नव्हतो,' या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत सांगा.

४. शिफारस, रिवाज, दरवाजा हे शब्द उर्दूत आणि मराठीत सारख्या अर्थाने वापरतात. असे आणखी पाच शब्द शोधा. 'किताब' या शब्दाप्रमाणे अर्थ बदललेला एक शब्द शोधा.

५. उपक्रम : तुम्ही वाचलेल्या एका पुस्तकाची तीन वाक्यांत शिफारस करणारे पोस्टकार्ड मित्राला किंवा मैत्रिणीला लिहा.